दिव्यांग खेळाडूंचे गुण हाउसच्या बेरजेत कसे धरावेत?

आपल्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाला आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपण नागपुरातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहात. शाळेत चार हाउस आहेत. डिसेंबरमधील वार्षिक क्रीडा स्पर्धेत प्रत्येक प्रकारातील पहिल्या चार क्रमांकांना ५, ३, २ आणि १ असे गुण मिळतात आणि त्यांच्या बेरजेवर फिरता चषक ठरतो. आठवीतील एक मुलगी व्हीलचेअर वापरते, नववीतील एका मुलाला फार कमी दिसते आणि सातवीतील एका मुलाला सेरेब्रल पाल्सीमुळे धावताना तोल सांभाळावा लागतो. गेल्या वर्षी या तिघांची वेगळी ‘विशेष शर्यत’ घेतली, तिघांनाही पदके दिली, पण गुण कोणत्याच हाउसच्या खात्यात धरले नाहीत. यंदा त्या मुलीने आपल्याला विचारले, ‘सर, माझे गुण माझ्या हाउसला का मिळत नाहीत?’ मुख्याध्यापकांचे म्हणणे असे, की मुलगी आणि सातवीतील मुलगा हे दोघेही एकाच हाउसमध्ये असल्यामुळे गुण धरले तर त्या हाउसला आयता लाभ होईल. आपल्याला दोघांचेही म्हणणे पटते.

मलाही दोघांचे म्हणणे पटते, आणि म्हणूनच या प्रश्नाकडे दया विरुद्ध न्याय अशा दृष्टीने पाहू नये असे मला वाटते. हा प्रश्न मोजमापाचा आहे. शाळेच्या स्पर्धेतील गुणाला अर्थ येतो तो तो मिळवताही येतो आणि गमावताही येतो म्हणून. गेल्या वर्षी त्या मुलीने कितीही जोर लावला असता तरी फलकावरचा आकडा हलला नसता. यंदा स्पर्धक नसलेल्या शर्यतीत तिला थेट ५ गुण दिले, तरी तिच्या जोर लावण्याने आकडा हलणार नाहीच. मुख्याध्यापकांची हरकत या दुसऱ्या पर्यायाला आहे आणि ती योग्य आहे. परंतु त्यावरून गुण धरूच नयेत असा निष्कर्ष निघत नाही. तिची कामगिरी चांगली झाली तर हाउसचे गुण वाढतील आणि वाईट झाली तर हातचे जातील, अशी रीत शोधणे हे आपले काम आहे.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना खेळ आणि मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने उपलब्ध करून द्यायच्या आहेत. कलम ३० मध्ये क्रीडा उपक्रमांतील सहभागाचा स्वतंत्र उल्लेख आहे. गुण कसे मोजावेत हे कायदा सांगत नाही. ते शाळेने ठरवायचे आहे. मात्र सर्वांच्या श्रमांची बेरीज होत असताना काही मुलांचे श्रम त्या बेरजेबाहेर ठेवले, तर त्याला बरोबरीची संधी म्हणता येणे कठीण आहे. हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात टाटियाना मॅकफॅडन या व्हीलचेअर धावपटूला शालेय स्पर्धेत इतरांसोबत एकाच वेळी ट्रॅकवर उतरण्यासाठी २००६ मध्ये न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि २००८ मध्ये त्या राज्याने दिव्यांग विद्यार्थ्यांच्या खेळातील समान संधीसाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे तिने पॅरालिम्पिकमध्ये अनेक पदके मिळवली.

गुणांच्या रीतीकडे वळण्यापूर्वी एक वर्गवारी करणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ मुलांना वेगळ्या गुणपद्धतीची गरजच नसते. ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याला शिट्टीबरोबर झेंडा खाली आणून सुरुवातीची खूण दिली, आणि तो झेंडा त्याच्या नजरेसमोर राहील अशी व्यवस्था केली, की तो नेहमीच्या शर्यतीत नेहमीच्या गुणांसाठी धावू शकतो. ज्याचा एक हात मनगटापासून नाही, तो लांब उडीत किंवा ४०० मीटरमध्ये अनेकदा पहिल्या चारांत येतो. अशा मुलांना ‘विशेष’ शर्यतीत ढकलणे म्हणजे त्यांचा हक्काचा क्रमांक काढून घेणे होय. आपल्या नववीतील मुलाबाबतही हा विचार आधी करून पाहावा. त्याला सोबत्यासह धावता येत असेल, तर त्याला आणि सोबत्याला मिळून दोन लेन द्याव्यात. दोघांच्या हातात लहान दोरी असावी, सोबत्याने त्याला ओढू नये आणि अंतिम रेषा मुलाने सोबत्याच्या आधी ओलांडावी. जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्येही सोबत्यासाठी हेच नियम आहेत. या व्यवस्थेत त्याची वेळ वर्गमित्रांच्या जवळपास येत असेल, तर त्याने नेहमीच्या शर्यतीतच धावावे. सोबती त्याच्यापेक्षा स्पष्टपणे वेगवान हवा, हे मात्र विसरू नये. बरोबरीचा सोबती शेवटच्या वीस मीटरमध्ये त्याला अडवू लागतो.

आता ज्यांची वेळ इतरांच्या वेळेशी थेट ताडून पाहता येत नाही, त्यांच्याकडे येऊ. आपल्या बाबतीत मुलगी आणि सातवीतील मुलगा नक्कीच, आणि कदाचित नववीतील मुलगाही. इथे शाळांमध्ये एक रीत वारंवार सुचवली जाते, ती मी आग्रहाने टाळायला सांगेन. ती म्हणजे प्रमाणपत्रावरील दिव्यांगत्वाच्या टक्केवारीनुसार गुणांत वाढ देणे. ती टक्केवारी वैद्यकीय आणि कायदेशीर हेतूसाठी असते. योजनांच्या लाभासाठी ४० टक्क्यांची मर्यादा ठरवणे हा तिचा उपयोग. एखाद्या खेळात त्या व्यंगामुळे किती फरक पडतो, हे ती सांगत नाही. हाताच्या ६० टक्के दिव्यांगत्वाचा धावण्यावर परिणाम किरकोळ असू शकतो आणि गोळाफेकीवर फार मोठा. शिवाय आपल्या प्रमाणपत्रावरील आकडा मैदानावर ध्वनिक्षेपकातून सांगितला जावा, असे कोणत्याही मुलाला वाटत नाही.

आंतरराष्ट्रीय खेळात यासाठी वेगळी वर्गवारी आहे. ट्रॅकच्या प्रकारांसाठी ‘टी’ आणि मैदानी प्रकारांसाठी ‘एफ’ ही अक्षरे असतात आणि त्यापुढचा क्रमांक व्यंगाचा प्रकार व तीव्रता दाखवतो. ११ ते १३ हे वर्ग दृष्टिबाधितांसाठी, २० हा बौद्धिक अक्षमतेसाठी, ३५ ते ३८ हे सेरेब्रल पाल्सीसारख्या समन्वयाच्या अडचणी असूनही उभ्याने खेळणाऱ्यांसाठी आणि टी-५१ ते टी-५४ हे व्हीलचेअर शर्यतींसाठी आहेत. वेगवेगळ्या वर्गांतील खेळाडू एकाच स्पर्धेत उतरवायचे असतील, तर ‘राझा’ नावाच्या गुणतक्त्याने प्रत्येकाची कामगिरी त्याच्या वर्गातील जागतिक पातळीशी ताडून गुणांत मांडतात. या पद्धतीमागचा विचार मला मोलाचा वाटतो, कारण त्यात खेळाडूची तुलना योग्य मापदंडाशी होते. पण तो तक्ता जसाच्या तसा शाळेत आणण्यात दोन अडचणी आहेत. वर्ग ठरवणे हे प्रशिक्षित वर्गीकरणकर्त्यांचे काम आहे आणि क्रीडाशिक्षकाने ते अंदाजाने करू नये. दुसरे असे, की जागतिक दर्जाच्या प्रौढ खेळाडूंवर बेतलेल्या तक्त्यात नुकतीच सराव करू लागलेल्या आठवीतील मुलीच्या वाट्याला इतके कमी गुण येतील, की तिच्या परिश्रमातील फरक त्यात दिसणारच नाही.

सांघिक खेळांत दुसरा मार्ग आहे. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ असा वर्गांक असतो आणि कोर्टवरील पाच जणांची बेरीज १४ पेक्षा जास्त होऊ देत नाहीत. त्यामुळे ज्यांचे व्यंग तीव्र आहे अशा खेळाडूंनाही संघात स्थान मिळते. शाळेत तीनच मुले असताना याचा थेट उपयोग नाही. मात्र समावेशाची अट नियमातच लिहून ठेवली, की कर्णधार त्या खेळाडूला सरावातही बोलावू लागतो, हे यातून घेण्यासारखे आहे.

मी ज्या शाळांना मदत करतो, त्यांना मापदंड म्हणून त्या मुलाची स्वतःची आधीची वेळ घ्यायला सांगतो, आणि ही रीत केवळ दिव्यांग मुलांना न लावता त्या प्रकारात उतरणाऱ्या सर्वांना लावायला सांगतो. याला आपण ‘प्रगती शर्यत’ म्हणू. प्रत्येक हाउस दोन स्पर्धक देईल. हाउसमधील ज्या दिव्यांग विद्यार्थ्यांची उतरण्याची इच्छा आहे, त्यांना या जागांवर प्राधान्य. उरलेल्या जागांवर हाउसने कोणालाही उतरवावे. स्पर्धेपूर्वी चाचण्या घेऊन प्रत्येकाची सर्वोत्तम वेळ ही त्याची पायाभूत वेळ म्हणून फलकावर लावावी. स्पर्धेच्या दिवशी त्या वेळेत किती टक्के सुधारणा झाली यावर क्रमांक लावावेत आणि नेहमीचेच ५, ३, २, १ गुण द्यावेत. चारही हाउसची स्पर्धकसंख्या सारखी, वाटले जाणारे गुण इतर शर्यतींइतकेच, आणि मापदंड सर्वांना एकच. दोघे एकाच हाउसमध्ये असण्याचा प्रश्न इथे सुटतो, कारण त्या हाउसच्या दोन जागा त्या दोघांनी भरल्या, तशाच इतर हाउसनी आपल्या दोन-दोन जागा भरल्या.

उदाहरणादाखल चारच स्पर्धक घेऊ. आपल्या मुलीची ५० मीटरची पायाभूत वेळ २१.० सेकंद आहे आणि स्पर्धेत तिने २०.१ सेकंद नोंदवले, तर सुधारणा ४.३ टक्के झाली. शाळेतील वेगवान धावपटूची २०० मीटरची वेळ २८.० वरून २७.४ झाली, म्हणजे २.१ टक्के. सोबत्यासह १०० मीटर धावणाऱ्या नववीतील मुलाची १७.५ वरून १७.२ झाली, म्हणजे १.७ टक्के. चौथ्या हाउसच्या विद्यार्थ्याला २०० मीटरला ३३.० ऐवजी ३३.४ सेकंद लागले, म्हणजे तो १.२ टक्क्यांनी मागे गेला. मुलीला ५ गुण मिळाले. पण तिलाच त्या दिवशी २१.४ सेकंद लागले असते, तर ती १.९ टक्क्यांनी मागे पडून चौथी आली असती आणि तिच्या हाउसला एकच गुण मिळाला असता. मुख्याध्यापकांना हे दुसरे गणित अवश्य दाखवावे. माझ्या अनुभवात त्यानंतर आयत्या लाभाची शंका उरत नाही.

यातील अंतरे मुद्दाम वेगवेगळी ठेवली आहेत. शाळेत वेळ हाताच्या स्टॉपवॉचने घेतात आणि त्यात ०.२ सेकंदांची चूक सहज होते. १३ सेकंदांच्या शर्यतीत ती चूक दीड टक्क्याची ठरते, आणि इथे तर क्रमांकच एक-दोन टक्क्यांच्या फरकाने ठरतात. म्हणून वेगवान मुलांना लांब अंतर द्यावे. शक्यतो प्रत्येकाला वीस सेकंदांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ लागेल असे पाहावे. प्रत्येक स्पर्धकासाठी तीन स्टॉपवॉच ठेवून मधली वेळ ग्राह्य धरावी. फेकीचे प्रकार धावण्याच्या शर्यतीत मिसळू नयेत, कारण गोळा ४ मीटरवरून ४.२० मीटरवर जाणे म्हणजे ५ टक्के वाढ, आणि ती धावण्यातील ५ टक्क्यांपेक्षा पुष्कळ सोपी असते. फेकीसाठी वेगळी ‘प्रगती फेक’ ठेवावी. बसून फेकणाऱ्या मुलीची खुर्ची जमिनीला पक्की बांधावी, म्हणजे दर वेळी तीच स्थिती मिळेल.

या रीतीवर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मुले चाचणीत मुद्दाम हळू धावतील. हा धोका खरा आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्येही प्राथमिक फेरीवरून गट पाडतात आणि अंतिम फेरीत संशय यावा इतकी मोठी झेप दिसली, तर खेळाडूला बाद करण्याची तरतूद ठेवलेली आहे. शाळेत बाद करणे मला कठोर वाटते. त्याऐवजी वेगवेगळ्या आठवड्यांत तीन चाचण्या घ्याव्यात आणि त्यांतील सर्वांत चांगली वेळ पाया धरावी, म्हणजे एकदा जरी मूल मनापासून धावले तरी पाया खरा बसतो. सुधारणेला ८ टक्क्यांची कमाल मर्यादा ठेवावी. त्यापुढची सुधारणा ८ टक्केच मोजावी. नवख्या मुलाची प्रगती पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने होते आणि मुरलेल्या धावपटूची होत नाही, म्हणून पहिली चाचणी किमान महिनाभराच्या सरावानंतरच घ्यावी. हीच गोष्ट आपल्या मुलीलाही लागू आहे. तिला गेल्या वर्षी सराव मिळालाच नसेल, तर यंदा तो इतरांइतका द्यावा लागेल, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. गुण मिळणार असतील, तर हाउसची मुले तिला मैदानावर घेऊन येतात.

नागपूरच्या हवेचा विचार विशेष करावा लागतो. ऑक्टोबरमधील दुपारच्या उन्हात घेतलेली चाचणी आणि डिसेंबरच्या थंड सकाळची स्पर्धा यांची तुलना योग्य होत नाही. हवा बदलली की वेळही बदलते, पण सर्वांची सारख्या प्रमाणात बदलत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या मुलांना इजेच्या पातळीखाली घाम नीट येत नाही आणि शरीर लवकर तापते, त्यामुळे त्यांच्यासाठी हा प्रश्न गुणांच्या पलीकडचा, प्रकृतीचा आहे. चाचण्या सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यानच घ्याव्यात. दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्याकडच्या बहुतेक शाळांची मैदाने काळ्या मातीची किंवा वर मुरूम टाकलेली असतात. पावसाळ्यानंतर काळ्या मातीला भेगा पडतात आणि व्हीलचेअरची पुढची लहान चाके त्यांत अडकून खुर्ची उलटू शकते. मुलीची शर्यत आवारातील सपाट सिमेंट रस्त्यावर घ्यावी आणि तिची चाचणीही त्याच रस्त्यावर, त्याच दिशेने आणि चाकांत तेवढीच हवा भरून घ्यावी. हा रस्ता प्रेक्षकांपासून दूर असेल, तर तिच्या शर्यतीच्या वेळी इतर प्रकार थांबवून सर्वांना तिकडे न्यावे. पुढे कधी मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा विद्यापीठाच्या रविनगर मैदानावर सिंथेटिक ट्रॅकवर स्पर्धा घेतली, तर तिलाही ट्रॅकवर आणता येईल. पण व्हीलचेअर आणि धावणारी मुले एकाच वेळी शेजारच्या लेनमध्ये सोडू नयेत, कारण खुर्ची चटकन थांबवता येत नाही.

रिले हा मुलांचा सर्वांत आवडता प्रकार असतो आणि दिव्यांग मुलांना तिथूनच बहुधा वगळले जाते. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ‘युनिव्हर्सल रिले’ झाली. तिच्यात दृष्टिबाधित, अवयव गमावलेले, समन्वयाच्या अडचणी असलेले आणि व्हीलचेअरवरील असे चार खेळाडू एका संघात होते आणि बॅटनऐवजी स्पर्शाने पाळी बदलत होती. शाळेत याच धर्तीवर चारही धावपटूंच्या पायाभूत वेळा मिळवून हाउसची अपेक्षित वेळ काढावी आणि जो हाउस आपल्या अपेक्षित वेळेपेक्षा टक्केवारीत सर्वाधिक पुढे जाईल, तो पहिला. अट एकच: स्पर्श झाल्यावरच पुढच्याने जागेवरून सुटायचे. पळत येऊन पाळी घेण्याचा लाभ धावणाऱ्यांना मिळतो आणि व्हीलचेअरला मिळत नाही, म्हणून तो कोणालाच देऊ नये.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. आपल्या शाळेत अशी तीन मुले आहेत म्हणून मी ही रीत सुचवली. एखाद्या शाळेत सारख्या स्वरूपाच्या अडचणी असलेली आठ-दहा मुले सर्व हाउसमध्ये विखुरलेली असतील, तर त्यांची आपसांतील शर्यत घेऊन पूर्ण गुण देणे अधिक चांगले, कारण समोरच्याला हरवण्याचा आनंद टक्केवारीत मिळत नाही. हाउसची रचना समतोल करण्यासाठी मुलांची अदलाबदल सुचवली जाईल. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांच्या बाबतीत ती ठीक आहे, पण चार वर्षे ज्या हाउसमध्ये मित्र आहेत तिथून एखाद्या मुलीला केवळ गणितासाठी हलवू नये. सातवीतील मुलासाठी डॉक्टरांचे आणि फिजिओथेरपिस्टचे मत आधी घ्यावे. थकव्यामुळे त्याचा तोल जास्त जात असेल, तर त्याची चाचणी आणि शर्यत दोन्ही दिवसाच्या आरंभी ठेवावीत. आणि तिघांनाही एकेकटे, पालकांच्या आग्रहाविना विचारावे, की गुणांसाठी उतरायचे आहे का. एखादा नको म्हणाला, तर त्याला वेळ नोंदवण्याचे किंवा पंचांचे काम द्यावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे.

थोडक्यात क्रम असा ठरतो: ज्यांना केवळ सोयीची गरज आहे त्यांना नेहमीच्या शर्यतीत धावू द्यावे, ज्यांची तुलना थेट होत नाही त्यांच्यासाठी सर्व हाउसना समान जागा असलेली प्रगती शर्यत ठेवावी, प्रमाणपत्राची टक्केवारी गुणांत आणू नये, आणि नियम, मर्यादा व पायाभूत वेळा स्पर्धेआधी फलकावर लावाव्यात.

प्रगती शर्यत ही शाळेच्या अंगणापुरतीच रीत आहे, हेही त्या मुलीला स्पष्ट सांगावे. तिला खरोखर पुढे जायचे असेल, तर तिला तिच्या वर्गातील खेळाडूंशी खेळावे लागेल, आणि त्यासाठी अधिकृत वर्गीकरण करून घेऊन राज्याच्या पॅरा स्पर्धांमध्ये उतरावे लागेल. मूळच्या अमरावतीच्या दृष्टिबाधित जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, आणि सांगली जिल्ह्याचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ वर्गात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. तेव्हा तिच्या तिन्ही चाचण्यांच्या आणि स्पर्धेच्या वेळा तारीख, जागा, अंतर आणि खुर्चीच्या प्रकारासह एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रशिक्षकाला तिची तयारी कुठून सुरू करायची, हे त्या नोंदीवरून समजेल. पहिली चाचणी दिवाळीच्या सुटीपूर्वी होणे आवश्यक आहे, म्हणून मुख्याध्यापकांशी बोलणे याच आठवड्यात उरकावे.